भारतीय हॉकीतल्या सीनियर खेळाडूंचा हिरमोड: 1998 पासूनची पार्श्वभूमी

डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं, तेही तब्बल 32 वर्षांनी. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी फटक्यांवर, गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळने दोन फटके अडवून तो भारताकडे खेचून आणला. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले, प्रशिक्षक महाराज क्रिशन कौशिक. काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी नवा संघ जाहीर झाला, तेव्हा धनराज, बल्लाळ आणि आणखी पाच सीनियर खेळाडू त्यात नव्हते. कौशिक यांचंही पद गेलं होतं.

खेळाडूंना विश्रांती दिली आहे, असं भारतीय हॉकी महासंघाने सांगितलं. ते फारसं कुणाला पटलं नाही. सामन्यांचं मानधन आणि दौऱ्यावरचा दैनंदिन भत्ता अपुरा आहे, हे खेळाडू उघडपणे बोलत होते आणि धनराज त्यात सगळ्यांत पुढे होता. एकदा परदेश दौऱ्याआधी निषेध म्हणून त्याने स्वतःचा भत्ताच नाकारला होता. ही तक्रार हावरटपणाची नव्हती. त्या काळी हॉकीपटूचं घर चालायचं ते इंडियन एअरलाइन्स, रेल्वे किंवा पंजाब पोलीस अशा ठिकाणच्या नोकरीवर. देशासाठी खेळण्याचा करार नव्हता, जखमी झालात तर पुढे काय याचं उत्तर नव्हतं. वर्षातले कित्येक महिने शिबिरात काढायचे आणि हातात पडायचं किरकोळ.

पुढच्या दहा वर्षांत संघ हरला की एक वाक्य हमखास ऐकू यायचं: सीनियरांची भूक मेली आहे, आता पोरांना खेळवा. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. भूक कमी झाली असेलही, पण ती आधी कुणी मारली हे पाहायला हवं. जिंकूनही जागा टिकत नाही आणि तोंड उघडलं तर जातेच, हा धडा ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाने बँकॉकनंतर घेतला होता.

महासंघाच्या अध्यक्षपदी 1994 पासून माजी पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल होते, सचिव के. ज्योतिकुमारन. सगळा कारभार या दोघांच्या हाती एकवटलेला. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडला हरवलं असतं तर भारत उपांत्य फेरीत गेला असता. 1-0 अशी आघाडीही होती, पण अखेरच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली. संघ सातवा आला. 2002 च्या क्वालालंपूर विश्वचषकात तर स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा यांची उचलबांगडी झाली आणि भारत दहावा राहिला. आज ज्याच्या डावपेचांवर खेळायचं तो उद्या असेल की नाही हेच माहीत नसेल, तर अनुभवी खेळाडू तरी कशावर विसंबणार?

गुणवत्ता मात्र आटली नव्हती, आणि सगळ्यांत जास्त चीड येते ती याची. 2001 मध्ये होबार्टला ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या संघात गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग अशी पोरं होती. ती वर आली, धनराजसारख्या जुन्या खोडांबरोबर खेळली आणि 2003 मध्ये प्रशिक्षक राजिंदर सिंग यांच्या हाताखाली या संघाने पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला. घडी बसत होती. तेवढ्यात अथेन्स ऑलिम्पिक जेमतेम महिन्यावर आलेलं असताना राजिंदर यांना हटवून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणलं गेलं. निकाल पुन्हा सातवा क्रमांक. चौथं ऑलिम्पिक खेळणारा धनराज बराच वेळ बाकावर बसून होता. शेवटच्या सामन्यातही त्याच्या वाट्याला अगदी अखेरची मोजकी मिनिटं आली, आणि तिथेच त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली.

घसरण त्यानंतर वेगाने झाली. 2006 च्या विश्वचषकात अकरावा क्रमांक आणि त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेतून प्रथमच रिकाम्या हाताने परत. मार्च 2008 मध्ये चिलीतल्या सँटियागोला ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून 0-2 अशी हार झाली आणि 1928 पासून पहिल्यांदाच भारत ऑलिम्पिकला मुकला. प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. महिनाभरात एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात ज्योतिकुमारन संघनिवडीसाठी पैसे घेताना दिसले. त्यांनी पद सोडलं, भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघच निलंबित केला आणि गिल यांची सद्दी संपली.

नाव बदललं, महासंघाच्या जागी हॉकी इंडिया ही नवी संघटना आली, तरी पैशांचं दुखणं तसंच होतं. जानेवारी 2010 मध्ये दिल्ली विश्वचषक तोंडावर आला असताना पुण्यातल्या बालेवाडीच्या शिबिरात खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सरावच थांबवला. प्रत्येकी 25,000 रुपये देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. विशेष म्हणजे कर्णधार राजपाल सिंगपासून नवख्या पोरांपर्यंत सगळे एकत्र राहिले. 1999 मध्ये सात जणांना वगळणं सोपं गेलं होतं. विश्वचषकाआधी अख्खं शिबिर वगळता येत नव्हतं. तोडगा निघाला, संघाने पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला 4-1 असं हरवलं आणि आठव्या क्रमांकावर स्पर्धा संपवली.

पैशांची घडी खऱ्या अर्थाने बसली ती 2018 मध्ये ओडिशा सरकार प्रायोजक झाल्यावर. प्रशिक्षकांना अचानक निरोप देण्याची खोड मात्र लवकर गेली नाही. 2015 मध्ये पॉल व्हॅन आस आणि 2017 मध्ये रोलंट ओल्टमन्स तिचे बळी ठरले. तरीही 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये छत्तिशीतला गोलरक्षक पी. आर. श्रीजेश स्वतः जाहीर केलेल्या निवृत्तीआधी चौथं ऑलिम्पिक खेळला, कांस्यपदकाच्या सामन्यात अखेरपर्यंत गोलपोस्टसमोर उभा राहिला आणि त्यानंतर ज्युनियर संघ त्याच्याच हाती सोपवला गेला.