काढली तरी परत येणारी गाठ: हातापायातल्या डेस्मॉइडची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कुणाचं दुखणं बळावलं की घरात एकच वाक्य निघतं, "मिरजेला न्या." विल्यम वानलेस यांचं रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून हे गाव ऑपरेशनचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे इकडच्या माणसाचा हिशेब सरळ असतो : गाठ आहे ना, मग काढून टाका. चरबीच्या गाठीला तो चालतो. डेस्मॉइड नावाच्या, स्नायूंमध्ये उगवणाऱ्या चिवट गाठीला चालत नाही, आणि हे पटायला सर्जन मंडळींना पावणेदोनशे वर्षं लागली.

१८३२ मध्ये ग्लासगोच्या जॉन मॅकफार्लेन यांनी बाळंत झालेल्या एका तरुणीच्या पोटाच्या भिंतीतली अशी गाठ नोंदवली. सहा वर्षांनी योहानेस म्युलर यांनी नाव दिलं. ग्रीक 'डेस्मॉस' म्हणजे बंध, पट्टा. गाठ कंडरेसारखी चिवट दिसली म्हणून डेस्मॉइड. गाठीला बंधाचंच नाव मिळालं, मराठी कानाला हे गमतीचं वाटतं.

नावापलीकडचा स्वभाव मात्र फसवा होता. ही गाठ फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही, म्हणून ती कॅन्सर नाही. पण साधीही नाही. तिला वेष्टण नसतं. स्नायूंच्या धाग्यांमधून तिची मुळं बोटासारखी लांब जातात. मांडी, पोटरी, खांदा, दंड इथे ती रक्तवाहिनी आणि नसेला बिलगते, सांधा आखडवते. जुन्या सर्जननी भोवतालचं निरोगी मांसही रुंद काढायचं ठरवलं. तरीही ती परत येई, आणि हातापायात पोटाच्या भिंतीपेक्षा जास्त येई. दोन-तीन ऑपरेशनं झाल्यावर पाय राही, पण चालणं जाई. काहींचा पायच गेला, तोही जीवघेण्या नसलेल्या गाठीपायी.

वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांना होणारा हा आजार. साहजिकच तालुक्याच्या डॉक्टरला तो आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा भेटतो. मांडीत गाठ लागते, आधी "मुका मार असेल" म्हणून तेल चोळलं जातं, मग भूल देऊन 'चरबीची गाठ' म्हणून काढायला घेतली जाते. चरबीची गाठ अलगद सुटून येते. ही पांढरी, वणासारखी कडक, सुटता सुटत नाही. निम्मी निघते, टाके पडतात, आणि कित्येकदा तुकडा तपासणीला जातच नाही. सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं असं मला वाटतं.

योग्य क्रम उलटा आहे : आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा, आणि चाकूचा विचार त्यानंतर. "सुई लावली की गाठ चवताळते" हा समज आपल्याकडे पक्का आहे; त्यापायी लोक बायॉप्सीला नकार देतात आणि थेट ऑपरेशनला तयार होतात!

त्या तुकड्यात काय शोधायचं, हे १९९० च्या दशकात कळलं. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पेशी एरवी वापरून मोडीत काढते. त्याच्या जनुकात बिघाड झाला की ते मोडलं जात नाही, केंद्रकात साचतं आणि पेशीला वाढत राहण्याचा हुकूम देत राहतं. केंद्रकात साचलेलं हे प्रथिन रंगवून दाखवता येतं. थोड्या रुग्णांत दोष एपीसी या दुसऱ्या जनुकात असतो. याच दोषातून आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे छोटे कोंबही होतात, म्हणून घरात कुणाला ते होते का हे विचारावंच लागतं.

खरी कलाटणी २००० नंतर मिळाली. नुसतं लक्ष ठेवलेल्या रुग्णांत बऱ्याच गाठी वाढायच्या थांबल्या, काही तर आपोआप आकसल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या जागतिक सहमतीने मग बहुतेकांसाठी पहिला उपाय ठरवला तो सक्रिय निरीक्षण : महिना-दोन महिन्यांत पुन्हा एमआरआय, नंतर तीन ते सहा महिन्यांनी. गाठ वाढतच राहिली किंवा दुखणं सोसवेना, तर औषध.

औषधांत मेथोट्रेक्सेट आणि विनब्लास्टिनची कमी मात्रेतली इंजेक्शनं जुनी आणि स्वस्त. २०१८ मध्ये ८७ रुग्णांच्या चाचणीत सोराफेनिब या मूळच्या कॅन्सरवरच्या गोळीवर दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्णांचा आजार वाढला नव्हता. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीवर ३६ टक्के. भारतात या गोळीला आणखी एक इतिहास आहे. २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा सरकारी परवाना, हिच्यासाठीच दिला गेला, आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. डेस्मॉइडला कॅन्सरच्या निम्मी मात्रा पुरते. पण तळहात-तळपाय सोलवटतात, आणि कोयता धरणाऱ्याला हे पुस्तकात वाटतं तितकं किरकोळ नसतं. २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगासेस्टॅटला मंजुरी मिळाली, खास या आजारासाठीचं पहिलं औषध.

थांबण्याचा सल्ला मात्र गोळीपेक्षा अवघड जातो. पेशंट दर तपासणीला जुन्या-नव्या फिल्मा पिशवीत घालून मिरजेला जातो, गाठ तेवढीच असल्याचं ऐकून परततो, आणि एसटीतून उतरताच कुणीतरी विचारतं, "अजून काढली नाही व्हय?"