पार्श्वभूमी : गेमच्या ‘टीम’मध्ये नेमकं कोणाला मोजायचं?

एप्रिल २०२५मध्ये ‘क्लेर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि तीन दिवसांत त्याच्या १० लाख प्रती खपल्या. फ्रान्सच्या माँपेलिये शहरातल्या साधारण ३० जणांनी तो केला, ही गोष्ट गेमइतकीच गाजली. बड्या स्टुडिओंना शेकडो माणसं लावून जे जमत नाही ते ३० जणांनी करून दाखवलं, असा एकूण सूर होता. मग लोकांनी श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहिली. लढायांच्या अ‍ॅनिमेशनवर काम केलेली कोरियातली तुकडी, टेस्टिंग करणारे, भाषांतरकार, आवाज देणारे कलाकार, वादक… नावं ३०वर थांबतच नव्हती.

स्टुडिओ खोटं बोलला नव्हता. त्याने गाभ्यातली टीम सांगितली होती. मोठ्या गेमच्या बाबतीत मात्र आपण नामावलीतलं शेवटचं नावही धरतो, आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडतो. ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यात मोठ्या बजेटच्या गेमच्या खर्चावरच्या निम्म्या वादांचं मूळ या मापातल्या घोळात आहे.

सुरुवातीला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. १९९३चा ‘डूम’ टेक्ससमधल्या डझनभराच्या आसपास लोकांचं काम. त्यातल्या काही राक्षसांच्या मातीच्या मूर्ती करून, त्या फिरवत चहूबाजूंनी टिपल्या होत्या. कोणी काय केलं हे बोटांवर मोजता येत होतं. १९९७च्या ‘फायनल फँटसी ७’वर शंभराहून जास्त माणसं होती आणि खर्च साधारण ४ कोटी डॉलर. कमी जागेच्या कार्ट्रिजऐवजी (कन्सोलमध्ये खोचायच्या डबीऐवजी) सीडी निवडल्यामुळे तो गेम ३ सीडींवर पसरू शकला. जागेची अडचण संपली, पण ती जागा भरायला माणसं लागली. २००५-०६मध्ये एचडी कन्सोल, म्हणजे बारीक तपशीलही स्पष्ट दाखवणारी गेमयंत्रं आली आणि तिथून माणसं आणि खर्च वाढतच गेले.

का, ते एका पिंपावरून समजतं. ‘डूम’मधलं स्फोटक पिंप म्हणजे मोजकी सपाट चित्रं. आजच्या मोठ्या गेममध्ये कोपऱ्यात पडलेल्या पिंपाचं आधी बारीक तपशिलांचं जड मॉडेल बनतं. त्यावरून हलकं मॉडेल काढतात. डब्याचा पत्रा उलगडून सपाट करावा तसा त्याचा पृष्ठभाग उलगडतात. मग रंगाचं, उंचसखलपणाचं आणि गंजलेला भाग कमी चमकावा म्हणून खरखरीतपणाचं, अशी मॉडेलवर चढवायची वेगवेगळी चित्रं, म्हणजे टेक्स्चर. लांबून दिसायला आणखी हलक्या तीन-चार आवृत्त्या. आदळल्यावर आरपार जाऊ नये म्हणून अदृश्य कवच. फुटणार असेल तर तुकडे, आणि प्रत्येक आपटण्याचा आवाज. खेळणारा त्याच्याकडे एक सेकंदही बघत नाही.

हे काम पगारी माणसांचं, म्हणून खर्चाचा हिशेबही माणसांवरच चालतो. एका माणसाचा एक महिना म्हणजे १० हजार डॉलर, पगारापासून भाड्यापर्यंत सगळं धरून, असा या धंद्यातला जुना ठोकताळा. आता महागड्या शहरांत तो पुरत नाही. तरी त्यानेच मोजलं तर २०० जणांची टीम वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर खाते. गेम सहा महिने पुढे ढकलला की १ कोटी २० लाख आणखी. दोष नेहमी ग्राफिक्सला दिला जातो. माझ्या मते पैसा त्याहून जास्त खातात ती वर्षं, ज्यात टीम पूर्ण भरलेली असते आणि गेम काय असावा हे मात्र ठरलेलं नसतं.

हे आकडे स्टुडिओ स्वतःहून सांगत नाहीत. जून २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात काळ्या मार्करने खोडलेली कागदपत्रं स्कॅन झाली आणि खोडलेलं वाचता आलं, म्हणून जगाला कळलं : ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’साठी २२ कोटी डॉलर, ऐन भरात सुमारे २०० पूर्णवेळ माणसं, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’साठी २१ कोटी २० लाख, ३०० माणसं आणि पाच वर्षं. त्याच वर्षी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने नोंदवलं की काही वर्षांपूर्वी ५ ते १५ कोटी डॉलरमध्ये होणाऱ्या गेमचं बजेट आता २० कोटींच्या पुढे मंजूर होतं. गेमची किंमत मात्र २००५पासून २०२०पर्यंत ६० डॉलरच होती, मग ७० झाली.

त्या ‘२०० पूर्णवेळ’ या शब्दांकडे पुन्हा बघा. ‘पार्ट २’च्या नामावलीतली नावं हजारांच्या घरात आहेत. मधला फरक म्हणजे बाहेर दिलेलं काम, आणि त्यातलं पुष्कळ काम आशियात होतं. पुण्यात २००८च्या सुमारापासून परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ आहेत. मोठ्या गेमचे भाग, टेस्टिंग आणि वर सांगितली तसली पिंपं इथल्या मुलामुलींनी वर्षानुवर्षं केली. सप्टेंबर २०२०मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली तेव्हा मुख्य जबाबदारी पुणे आणि मुंबईतल्या स्टुडिओंकडे होती. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर जगभरातून टीका झाली, तारीख दोनदा हलली आणि मे २०२२मध्ये काम मूळ गेम करणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. त्या टीकेत एकही जण विचारत नव्हता, की या टीमला किती माणसं, किती महिने आणि किती पैसे मिळाले होते. मला ते आजही खटकतं.

२०२३मध्ये जगभरात या धंद्यातल्या दहा हजारांवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, २०२४मध्ये त्याहून जास्त. ऑगस्ट २०२४मध्ये आलेला ‘कॉनकॉर्ड’ हा गेम दोन आठवड्यांत बंद झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा स्टुडिओही. गेम पूर्ण होण्याआधी नोकरी सुटलेल्यांचं नाव नामावलीत ठेवायचं की नाही, हे अजून प्रत्येक स्टुडिओ आपापलं ठरवतो. गेम घडवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी नियम लिहून ठेवलेत, पण ते पाळायचं बंधन कुणावर नाही. बाहेरच्या कंपनीतून काम केलेल्यांच्या जागी पुष्कळदा फक्त त्या कंपनीचं नाव येतं, एका ओळीत.