पंचेचाळिशीनंतरही फिफाची शिट्टी

‘४५ वर्षांचा झाला की फिफाचा पंच घरी’ हा फुटबॉलमधला समज अजून फिरतो. तो नियम एकेकाळी खराच होता. इटलीचे पंच पिएरलुईजी कोलिना यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २००५ मध्ये त्यानेच थांबली. पुढे फिफाने ही अट काढली. म्हणूनच २०२१ मध्ये वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना ४८ वर्षांच्या ब्यॉर्न कायपर्स यांनी खेळवला.

आता अडवते ती धावण्याची चाचणी. पुरुष पंचांना ४० मीटरच्या ६ दौडी, प्रत्येकी ६ सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालणे, असे ४० वेळा. थकवा शेवटच्या फेऱ्यांत गाठतो. शिवाय फिफाची यादी एकाच वर्षापुरती असते; राष्ट्रीय संघटनेने पुन्हा नाव पाठवले नाही, तर तिशीतही फिफाच्या पंचाचा बिल्ला जातो.