न्याहारी घराबाहेर कशी गेली

शेतावरची न्याहारी कामाच्या अधेमध्ये होत असे. पहाटे औत धरायचं, उन्हं वर आली की बांधावर बसून घरून आलेली भाकरी खायची. सोबत पिठलं नाहीतर ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, असलंच तर ताक. कोंड्यासकट ज्वारी-बाजरी आणि डाळीचं पीठ, एवढ्यावर पोट दुपारपर्यंत टिकायचं.

कोकणातली आणि घाटावरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली आणि ही वेळच मोडली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये शहरातली पहिली कापडगिरणी स्थापन केली. सुरुवातीला काम उजेड असेतोवर चाले. विजेचे दिवे आले तसे तास आणखी लांबले. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आली ती थेट १९११ च्या कायद्यानं. पुढे १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४८ मध्ये ९ तास झाले. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी आणि अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीनची तरतूद, हेही १९४८ च्या कायद्यात होतं. पण हा सगळा हिशेब फाटकाच्या आतला. भोंग्याआधी माणूस काय खाऊन येतो, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत कधी आलाच नाही.

गिरणगावात बरेच पुरुष एकटे राहत, बायकामुलं गावी. त्यांचं दोन वेळचं जेवण खानावळवाल्या बायकांनी सांभाळलं. त्यांच्या कष्टांची दखल उशिराच घेतली गेली; प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळातून त्यांना संघटित केलं. डबेवाल्यांनी दुपारचं घरचं जेवण कचेरीपर्यंत पोहोचवलं. सकाळ मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. ती पोकळी चहानं भरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या प्रचारकांनी गिरण्या-कारखान्यांतून चहा रुजवला, आणि इराण्याकडचा पाव त्यात बुडाला. भाकरीच्या जागी मैदा आणि साखर आली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वडापाव सुरू झाला. त्याचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं. धावत्या माणसाला भरपूर ऊर्जा स्वस्तात मिळाली, हा त्याचा मोठा गुण. पण पावात मैदा, वड्यात बटाटा, वर तळण. प्रथिनं त्या मानानं कमीच.

१९८२ च्या संपानंतर भोंगे विरत गेले. कामगारवस्ती कल्याण-विरारपलीकडे सरकली, आणि वाचलेले तास लोकलनं खाल्ले. माझ्या मते सकाळी न खाण्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. घरात सगळ्यात आधी उठणारी नोकरदार बाई इतरांचे डबे भरून स्वतः चहावर निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण खाण्यासोबतचा चहा लोह नीट अंगी लागू देत नाही, हे त्यातलं आपल्या हातातलं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू उलट मदत करतं. मूठभर शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी त्यात पडली, आणि चहा तासाभरानं घेतला, तर तेच पोहे कितीतरी जास्त कामाचे ठरतात.