कर्करोग लवकर सापडला, पुढे काय?

लवकर निदान झालं की कर्करोग बरा होतो, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची शहानिशा करावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी ती केली, आणि त्यासाठी जवळपास वीस वर्षं दिली. २००१ ते २००५ या काळात त्यांनी रजोनिवृत्ती झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया एका अभ्यासात सहभागी करून घेतल्या. विषय होता अंडाशयाचा कर्करोग. हा आजार बहुतेकदा पोटात पसरल्यावरच लक्षात येतो, म्हणून लवकर निदानाची ओढ इथे सगळ्यात जास्त. एका गटातल्या स्त्रियांच्या रक्तातलं सीए-१२५ हे, या कर्करोगात बहुतेकदा वाढणारं प्रथिन दरवर्षी तपासलं गेलं, दुसऱ्या गटाची दरवर्षी सोनोग्राफी झाली आणि तिसऱ्या गटाची काहीच नियमित तपासणी झाली नाही.

रक्ततपासणीच्या गटात पहिल्या टप्प्यावरचे, म्हणजे अंडाशयाबाहेर न पसरलेले कर्करोग सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त सापडले. चौथ्या टप्प्यावरचे, म्हणजे दूरवर पसरलेले, सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. कुणालाही वाटेल, काम फत्ते झालं. पण २०२१ मध्ये मृत्यूंचा हिशेब समोर आला तेव्हा तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचं प्रमाण सारखंच निघालं, सुमारे ०.६ टक्के. आजार आधी कळला, उपचार आधी सुरू झाले, तरी तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत.

हा निकाल मला अलीकडच्या कर्करोग संशोधनातला सर्वांत शिकवणारा निकाल वाटतो. कर्करोग सापडणं आणि जीव वाचणं या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही असतं, आणि नव्या तपासण्यांच्या बातम्यांत नेमका तोच भाग गाळला जातो. समजा, एखाद्याला ६७ व्या वर्षी लक्षणं दिसून निदान झालं आणि तो ७० व्या वर्षी गेला. निदानानंतर तो तीन वर्षं जगला. त्याच माणसाची तपासणी ६२ व्या वर्षी झाली असती, गाठ सापडली असती आणि तरीही तो ७० व्या वर्षीच गेला असता, तर कागदावर तो आठ वर्षं जगला असं दिसलं असतं. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही, आजारी म्हणून जगण्याचा काळ मात्र पाच वर्षांनी वाढला. म्हणून 'निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांची टक्केवारी' या आकड्यावरून तपासणीची किंमत ठरवता येत नाही. तपासणी झालेल्या आणि न झालेल्या लोकांत मृत्यू किती झाले, हेच पाहावं लागतं.

याची दुसरी बाजू दक्षिण कोरियात दिसली. तिथे थायरॉईडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जागच्या जागी राहिलं. याचा अर्थ, सापडलेल्या बहुतेक गाठी आयुष्यभर गळ्यात निमूट पडून राहिल्या असत्या. त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांतल्या अनेकांना जन्मभर गोळ्या घेणं आलं, काहींच्या स्वरतंतूच्या नसेला इजा झाली, काहींच्या शरीरातलं कॅल्शियमचं गणित कायमचं बिघडलं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हा प्रश्न मांडला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाहून अधिक घटल्या.

यावरून सगळ्याच तपासण्या फोल ठरत नाहीत. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक सध्याच्या आणि पूर्वीच्या धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, छातीच्या साध्या एक्स-रेऐवजी कमी मात्रेचा सीटी स्कॅन केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उगवणारे मोड (पॉलिप) दुर्बिणीने काढून टाकले तर त्यांचा कर्करोग होण्याआधीच वाट बंद होते. कोणत्या अवयवाचा कर्करोग किती वेगाने वाढतो आणि मधल्या काळात हाती काही करण्यासारखं आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

आता ज्या तपासणीची सर्वाधिक चर्चा आहे तिच्याकडे वळू: एकाच रक्ततपासणीतून अनेक कर्करोग शोधणाऱ्या चाचणीकडे. शरीरातल्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. काही तासांत ते नाहीसेही होतात. बहुतेक तुकडे रक्तपेशींचेच असतात; पण कुठे गाठ असेल तर तिचेही थोडे त्यात मिसळतात. सुरुवातीच्या कर्करोगात हे प्रमाण हजार तुकड्यांत एकापेक्षाही कमी असू शकतं. डीएनएवर मिथाइल नावाच्या लहानशा रासायनिक गटांच्या खुणा असतात आणि प्रत्येक अवयवाच्या पेशींत त्यांची मांडणी वेगळी असते. ती वाचून तुकडा गाठीचा आहे का आणि कुठून आला असावा, याचा अंदाज बांधतात.

रक्तातल्या डीएनएवरून कर्करोग खरोखर पकडता येतो याचा एक पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी गर्भवतीच्या रक्तात गर्भाचा डीएनए असतो हे दाखवलं. त्यावर आधारलेली गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी पुढे जगभर रूढ झाली. काही गर्भवतींचे अहवाल मात्र असे विचित्र येऊ लागले की ते गर्भाच्या कोणत्याही दोषाशी जुळेनात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असा अहवाल आलेल्या १०७ स्त्रियांची कसून तपासणी केली. २०२४ च्या शेवटी निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यांतल्या ५२ जणींना कर्करोग होता. अनेकींना कसलाही त्रास जाणवत नव्हता.

पण कसलीही शंका नसलेल्या सर्वसाधारण लोकांत हीच कल्पना वापरली की चित्र धूसर होतं. पन्नाशी ओलांडलेल्या ६,६२१ लोकांवर झालेल्या एका अभ्यासात अशा चाचणीने ९२ जणांत कर्करोगाचा इशारा दिला. पुढच्या तपासण्यांत ३५ जणांना तो खरंच निघाला. उरलेल्या ५७ जणांना स्कॅन आणि काही वेळा बायॉप्सीतून जाऊन शेवटी 'काही नाही' असं ऐकायला मिळालं. शिवाय वर्षभरात ज्या १२१ जणांना कर्करोगाचं निदान झालं, त्यांतले बहुसंख्य या चाचणीच्या नजरेतून सुटलेच होते. म्हणजे 'निरोगी' असा निर्वाळा मिळाला म्हणून नेहमीच्या तपासण्या टाळणं धोक्याचं ठरेल.

इंग्लंडमध्ये याच चाचणीसाठी १,४०,००० लोकांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये सुरू झाला. त्याचा मुख्य निकष ठरवला गेला तो तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावरचे कर्करोग कमी होतात का, हा. अंडाशयाचा अभ्यास डोळ्यांसमोर असताना हा निकष मला अपुरा वाटतो. तिथेही पुढचे टप्पे घटले होते.

रक्तातल्या डीएनएचा उपयोग माझ्या मते आज सर्वांत ठोसपणे दिसतो तो निदान झाल्यानंतर. मोठ्या आतड्याचा दुसऱ्या टप्प्यावरचा कर्करोग घ्या. शस्त्रक्रियेनेच बहुतेक रुग्ण बरे होतात, पण काहींत डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात. त्या कुणात राहिल्या हे कळत नाही, म्हणून अनेकांना खबरदारी म्हणून केमो दिली जाते. ऑस्ट्रेलियात ४५५ रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटात शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासलं आणि गाठीचा डीएनए सापडला तरच केमो दिली. दुसऱ्या गटात डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने ठरवलं. नेहमीच्या गटात २८ टक्के रुग्णांना केमो मिळाली, रक्त तपासलेल्या गटात १५ टक्के. दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं: ९२.४ आणि ९३.५ टक्के. केमो घ्यावी लागणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं आणि निकाल बिघडला नाही. या आजारात वापरल्या जाणाऱ्या ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लावणं जड जातं, आणि काहींचा हा बधिरपणा वर्षानुवर्षं जात नाही. ज्याला हे भोगावं लागलं नाही त्याच्यासाठी ही प्रगती लहान नाही.

उपचार कमी करणं हाही शोध असू शकतो, हे न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने आणखी लख्खपणे दाखवलं. मलाशयाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्क्यांत डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. अशा पेशींत शेकडो बदल साचतात, आणि त्या प्रतिकारशक्तीला परक्या वाटू शकतात. मात्र गाठ टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशींच्या, पृष्ठभागावरचा पीडी-१ हा 'थांबा' सांगणारा रेणू वापरून त्यांना आवरून धरते. तो रेणू तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने शोधला, आणि टी पेशींवरचे असे लगाम सैल करण्याच्या कामासाठी त्यांना व जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. न्यूयॉर्कमध्ये पीडी-१ अडवणारं डोस्टारलिमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिलं. २०२२ मध्ये पहिल्या बाराही रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. २०२५ पर्यंत मलाशयाच्या अशा ४९ रुग्णांत तेच घडलं. त्यांना रेडिएशन लागलं नाही, मलाशय काढावा लागला नाही, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. हे सगळ्यांना लागू नाही. पण कुणाला लागू आहे हे बायॉप्सीच्या नमुन्यावरून आधीच सांगता येतं, आणि ती तपासणी झाली का हे रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

या सगळ्याहून मोठं यश मात्र असं आहे की तिथे सापडण्यासाठी कर्करोगच उरत नाही. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणूचे प्रकार आहेत हे दाखवलं, आणि २००६ मध्ये लस आली. तिच्यात विषाणूचं नुसतं रिकामं कवच असतं, आत डीएनए नसतो, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊच शकत नाही. आधी झालेला संसर्ग मात्र ती काढून टाकत नाही, म्हणून वय महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात पूर्ण लसीकरण झालेल्यांत, २०२४ च्या अहवालानुसार, एकही रुग्ण आढळला नाही. जगात मात्र २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या आजाराने गेल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एकाच डोसचा पर्यायही मान्य केला, त्यामुळे तेवढ्याच साठ्यात दुप्पट मुलींपर्यंत पोहोचता येतं.

लसीचं वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी एचपीव्हीची तपासणी आहे. वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा ती व्हावी, असं संघटनेचं उद्दिष्ट सांगतं. त्यासाठीचा नमुना स्त्रीला कापसाच्या काडीने स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि कर्करोगपूर्व बदल दिसले तर बहुतेक वेळा तेवढा भाग उष्णता देऊन एका भेटीत नष्ट करता येतो.