करारबद्ध कारागीर (वृत्तपत्रीय जाहिरातींतील)

अठराव्या शतकातील ब्रिटिश उत्तर अमेरिकेत जहाजभाड्याच्या मोबदल्यात, साधारणपणे चार ते सात वर्षे, मालकाकडे बांधले गेलेले सुतार, लोहार, विणकर इत्यादी. त्यांचा माग मुख्यतः ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’, ‘मेरिलंड गॅझेट’ व ‘व्हर्जिनिया गॅझेट’ यांतील जाहिरातींवरून काढतात. करारपत्र एकाच कागदावर दोनदा लिहून मधोमध नागमोडी कापत. दाते जुळले की करार खरा. ‘इंडेंचर’ ही संज्ञा या दात्यांवरून आली. हिंदुस्थानातून मॉरिशस, फिजीला गेलेल्यांचे ‘गिरमिट’ हा मात्र ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होय.

कारागीर प्रथम दिसतो तो विक्रीच्या जाहिरातीत. 1771 मध्ये ‘जस्टिशिया’ जहाज व्हर्जिनियातील रॅपहॅनॉक नदीकाठच्या लीड्सटाउनला लागले, तेव्हा सुमारे शंभर ‘निरोगी’ नोकरांत लोहार, चांभार, शिंपी, सुतार असल्याचे छापून आले. अशा खेपांत शिक्षा होऊन आलेले कैदीही असत. कैद्यांना वसाहतींत पाठवण्याच्या 1718 च्या कायद्यानंतर त्यांची संख्या बरीच वाढली.

हे लोक मुळात कोणत्या थरातले, याविषयी मतभेद आहेत. ब्रिस्टल व लंडनच्या सतराव्या शतकातील नोंदवह्यांवरून इतिहासकार मिल्ड्रेड कॅम्पबेल यांनी (1959) शेतकरी व कारागीर हे मजुरांपेक्षा पुष्कळ अधिक होते, असे मांडले. आर्थिक इतिहासकार डेव्हिड गॅलेन्सन यांनी (1978) व्यवसायाचा रकाना कोरा असलेल्यांकडे लक्ष वेधले: ते बहुधा अकुशल वा कोवळ्या वयाचे असावेत. कोरा रकाना हिशेबाबाहेर ठेवता येत नाही, त्यामुळे हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. फरारीच्या जाहिरातींत उलटे घडते. हातातली कला ही ओळखीची खूण आणि मालकाचे मोठे नुकसान, म्हणून ती आवर्जून छापली जाई. त्यामुळे केवळ या जाहिराती मोजल्या, तर कारागिरांचे प्रमाण फुगलेले दिसण्याचा संभव आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या एप्रिल 1775 च्या जाहिरातीत माउंट व्हर्नन या त्यांच्या व्हर्जिनियातील मळ्यातून 19 तारखेच्या रात्री पळालेले दोघे आहेत: ब्रिस्टलमध्ये जन्मलेला, सुमारे वीस वर्षांचा, देवीचे वण असलेला, रेंगाळत बोलणारा सुतार आणि स्कॉटिश हेल असलेला विटा पाडणारा. ते ज्या होडीतून गेले तिच्या आतल्या रंगाचेही वर्णन आहे: डांबर व शेंदूर यांचे मिश्रण. मालकाने पकडण्यासाठी लिहिलेल्या या ओळींइतके जवळचे चित्र त्या कारागिरांचे क्वचितच मिळते. 1776 च्या एका जाहिरातीतील तरुण तर जन्माने ‘एशियाटिक इंडियन’ असून उत्तम न्हावी व केशरचनाकार म्हटला आहे.

शोधताना नावापेक्षा व्यवसाय, उंची, जन्मस्थळ व बोली यांवर भर द्यावा, कारण फरारी नाव बदलत. नंतर तुरुंगाधिकाऱ्यांनी दिलेल्या ‘पकडून ठेवला आहे’ अशा सूचना आणि न्यायालयीन नोंदी पाहाव्यात. मेरिलंडमध्ये गैरहजेरीच्या एका दिवसाला दहा दिवस जादा चाकरी लागे, व्हर्जिनियात दुप्पट.

मुदत पुरी करून निघून गेलेले कारागीर या जाहिरातींत जवळजवळ आढळत नाहीत. स्त्रियांच्या नोंदीही तुरळक आहेत.