अँटासिड आणि इतर औषधांच्या आंतरक्रिया

जठरातील आम्लाचे उदासिनीकरण करणाऱ्या औषधांमुळे (अँटासिड) इतर औषधांचे किंवा पूरक गोळ्यांचे शोषण, विरघळणे अथवा उत्सर्जन बदलते, तेव्हा त्याला आंतरक्रिया म्हणतात. मुंबईत डायजीन, जेल्युसिल कोणत्याही केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते आणि ईनोची पुडी किराणा दुकानातही. म्हणूनच डॉक्टरांनी चालू औषधे विचारली की रुग्ण बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी सांगतो, पण रोज जेवणानंतर घेतलेले गुलाबी औषध सांगायचे राहून जाते. खरा धोका तिथेच आहे.

या औषधांत मुख्यतः ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट किंवा सोडियम बायकार्बोनेट असते. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन काही प्रतिजैविकांना पोटातच घट्ट धरून ठेवतात. असे बांधले गेलेले औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात याचे महत्त्व विशेष आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) मोठी साथ आली. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका सांगते. प्रौढांसाठी हे औषध बहुधा डॉक्सिसायक्लिन असते, आणि तेही अशांपैकीच एक प्रतिजैविक आहे. या गोळीने पोटात व अन्ननलिकेत जळजळ होते, म्हणून अनेकजण तिच्यासोबतच अँटासिड घेतात आणि नेमके संरक्षणच कमी होते. जळजळ टाळण्यासाठी गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. अँटासिड लागलेच तर किमान दोन-तीन तासांनी घ्यावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला याहून मोठे अंतर लागते: ते अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतात.

क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन अँटासिडच्या किमान एक तास आधी घ्यावे लागते. या गोळ्यांनी मळमळ होते, त्यामुळे रुग्णाचा हात अँटासिडकडे जाणे साहजिक आहे. वेळ समजावून सांगण्याची जबाबदारी उपचार देणाऱ्यांची आहे. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनपासून चार तासांचे अंतर ठेवतात.

लोह विरघळायला आम्ल लागते, म्हणून अँटासिडमुळे लोहाच्या गोळीचा उपयोग घटतो. गरोदर स्त्रियांना लोह व कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात, त्यामागेही दोघांच्या शोषणाचाच प्रश्न आहे. छातीत जळजळ झाली म्हणून चघळलेली कॅल्शियम कार्बोनेटची गोळी हीसुद्धा कॅल्शियमचीच मात्रा असते. ती, कॅल्शियमची पूरक गोळी आणि ड जीवनसत्त्व यांचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

काही गोळ्यांवर आतड्यातच विरघळणारे आवरण असते. आम्ल कमी झाले की ते जठरातच सुटू शकते. सोडियम बायकार्बोनेटमुळे लघवी अल्कधर्मी होऊन ॲस्पिरिनसारखी औषधे लवकर बाहेर पडतात. त्यातील सोडियम उच्च रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांना अपायकारक ठरते. मूत्रपिंड निकामी होत असल्यास ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम शरीरात साठतात.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही अँटासिड नव्हेत. ती आम्ल तयार होणेच रोखतात. त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे बुरशीविरोधी इट्राकोनाझोल कॅप्सूलसारख्या आम्लावर अवलंबून असणाऱ्या औषधांच्या बाबतीत दोन-चार तासांच्या अंतराने प्रश्न सुटत नाही. तेथे डॉक्टरांना औषधच बदलावे लागू शकते.